विनातिकीट लंडन

लंडनहून परत आल्यापासून आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने एकच प्रश्न विचारला आहे, "मग, तिकडे काय काय पाहिलेत?" आणि आम्ही जी यादी सांगतो ती ऐकून बहुतेकांचा चेहरा थोडासा उतरतो. ज्या स्थळांची तिकिटे भारी आणि ज्यांची छायाचित्रे लोक दिवाणखान्यात लावतात, ती स्थळे त्या यादीत जवळजवळ नाहीतच. आम्ही तीन आठवडे त्या शहरात राहिलो, आणि पहिला दिवस सोडला तर कोठल्याही दाराशी तिकीट काढले नाही. ही कंजूषपणाची कबुली नव्हे. हे कसे घडले आणि त्याचा परिणाम परतल्यावर आमच्या घरात काय झाला, ते चार घरच्या मंडळींस सांगण्यासारखे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही साताऱ्याचे. आमचे थोरले बंधू तेथील एका शाळेत इतिहास शिकवीत. ब्रिटिश म्युझियममधील शिळा आणि मूर्ती यांचे वर्णन ते वर्गात असे करीत की जणू कालच पाहून आले आहेत. वस्तुतः त्यांनी लंडन कधी पाहिले नाही. मुलगा तेथे नोकरीस लागल्यावर जावयाचे ठरले, पैसेही बाजूस पडले. परंतु पारपत्र हाती येण्यापूर्वीच ते गेले. पुढे सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, वहिनी, आमचे कुटुंब आणि आम्ही असे तिघे निघालो. वहिनींचे वय बहात्तर. त्यांच्या पिशवीत बंधूंची एक जुनी वही होती. तीत लंडनमध्ये काय पाहावे याची टिपणे त्यांनी स्वतःच्या नेटक्या अक्षरात करून ठेविली होती.

पुतण्याने मोठ्या हौसेने नदीकाठच्या एका प्रसिद्ध उंच ठिकाणाची तिकिटे अगोदरच काढून ठेविली होती. वर गेलो, अर्धा तास शहर पायाखाली पाहिले आणि खाली आलो. देखावा सुंदर होता यात शंका नाही. परंतु उतरता उतरता वहिनींनी तिकिटावरचा आकडा वाचला, त्यास पौंडाच्या भावाने गुणले, पुन्हा माणसांच्या संख्येने गुणले, आणि घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री पानावर बसल्यावर म्हणाल्या, "तुम्ही सगळे खुशाल हिंडा. मी नातवाजवळ घरी राहते. उंचावरून गाव काय, अजिंक्यताऱ्यावरूनही दिसते." पुतण्याचा चेहरा पाहवेना. आईस हे शहर दाखवावे ही त्याची कित्येक वर्षांची इच्छा. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, इथलं पाहण्यासारखं बहुतेक सगळं फुकटच आहे." या 'फुकट' शब्दाने तर वहिनी अधिकच ताठ झाल्या. "फुकटचं कोणाचं काही घ्यायची आपल्या घरात रीत नाही," एवढेच बोलून त्या हात धुवावयास उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या त्या केवळ वहीत पहिल्याच पानावर ब्रिटिश म्युझियमचे नाव होते म्हणून. या संग्रहालयाची जन्मकथा आम्ही आगगाडीत बसल्या बसल्या त्यांस सांगितली. सर हॅन्स स्लोन नावाचा एक वैद्य १७५३ साली वारला. त्याने आयुष्यभर जमविलेल्या ७१,००० हून अधिक वस्तू राष्ट्राने घ्याव्यात आणि आपल्या वारसांस २०,००० पौंड द्यावेत, अशी व्यवस्था त्याने मृत्युपत्रात केली होती. पार्लमेंटने कायदा केला, सोडत काढून पैसा उभा केला, आणि १५ जानेवारी १७५९ रोजी दारे उघडली. आरंभी अर्ज करून प्रवेशपत्रिका मिळवावी लागे. परंतु तिला मूल्य नव्हते. १९७४ सालचे काही महिने सोडले तर तेथे प्रवेशास कधी पैसे पडलेले नाहीत. स्लोनच्या संपत्तीचा काही भाग जमैकातील मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून आलेला होता, हेही आम्ही सांगितले. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कोणी ना कोणी पैसे भरलेच आहेत."

त्या दिवशी आमची मोठी फजिती झाली. पुतण्याने दहा दालनांचा कार्यक्रम आखला होता. या संग्रहालयात सुमारे ८० लक्ष वस्तू आहेत आणि त्यांपैकी शंभरांत एखादीच एका वेळी मांडलेली असते. तथापि ती संख्याही ऐंशी हजारांच्या घरात जाते. दोन लिपींच्या साहाय्याने तिसरी वाचावयास शिकविणारा तो रोझेटा शिलालेख गर्दीच्या खांद्यांवरून ओझरता पाहिला, इजिप्तचे राजे पाहिले, असीरियाचे सिंह पाहिले, आणि दुपारी एकच्या सुमारास सर्वांचे पाय आणि डोळे एकदमच थकले. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून घरून आणलेल्या दशम्या खाताना लक्षात आले की सकाळपासून जे पाहिले त्यातले एकही नीटसे आठवत नाही.

तेव्हा वहिनींनी एक साधा प्रश्न विचारला. "तिकीट नाही ना? मग उद्या परत आले तर चालेल?" चालेल, असे सांगताच त्या म्हणाल्या, "मग घाई कोणाला आहे? रोज एकच वस्तू पाहू."

त्या क्षणी जे ध्यानात आले तेच या लेखाचे सार आहे. तिकीट काढून आत गेलेला मनुष्य पैसे वसूल करण्याच्या मागे लागतो. सर्व पाहिले पाहिजे, कोपरा न् कोपरा हिंडला पाहिजे, नाहीतर नुकसान झाले, असा हिशेब त्याच्या मनात चालू राहतो. उघड्या दारातून आत गेलेल्याची या हिशेबातून सुटका होते. अर्धा तास एकाच दगडापुढे बसून तो घरी जाऊ शकतो. उद्या पुन्हा येऊ शकतो. आवडले नाही तर दहा मिनिटांत बाहेर पडू शकतो. देवदर्शनास जाणारी आपली वडीलधारी माणसे रोज त्याच देवळात जातात, त्याच मूर्तीपुढे उभी राहतात, आणि काही नवे पाहिले नाही अशी खंत करीत नाहीत. पैसे वाचतात हा विनामूल्य दर्शनाचा लहान लाभ होय. थोडे पाहण्याची आणि पुन्हा पाहण्याची मोकळीक मिळते, हा मोठा.

ही वहिनींची कल्पना लंडनला नवी नाही, हे ट्रफाल्गर चौकातील राष्ट्रीय चित्रसंग्रहात गेल्यावर कळले. हा संग्रह १८२४ साली सुरू झाला. अँगरस्टाईन नावाच्या सावकाराच्या मृत्यूनंतर त्याची ३८ चित्रे पार्लमेंटने ५७,००० पौंडांस विकत घेतली आणि त्याच्याच घरात ती लोकांस दाखविण्यास आरंभ केला. चौकातील आजची इमारत १८३८ सालची. पुढे धुराने आणि काजळीने चित्रे खराब होतात, तेव्हा संग्रह शहराबाहेर हलवावा असा वाद निघाला. गर्दीच्या मध्यभागी, श्रीमंतांस गाडीने व गरिबांस पायी येता येईल अशा जागीच तो असावा, या मताचा अखेर जय झाला. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने सर्व चित्रे वेल्समधील एका पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेविली होती. रिकाम्या भिंती पाहून लोक हळहळले, आणि १९४२ पासून दर महिन्यास एकच चित्र खाणीतून आणून मांडण्याचा परिपाठ सुरू झाला. डोक्यावर विमाने घोंघावत असता त्या एका चित्रासाठी माणसे येत, पाहत आणि कामावर परत जात. ही हकीगत ऐकून वहिनींस आपली पद्धत कोणीतरी अगोदरच मान्य केल्यासारखे वाटले.

तेथे त्यांनी आपले एक चित्र निवडले. पीटर दे होख या डच चित्रकाराने १६५८ साली काढलेले ते डेल्फ्ट गावातील एका घराच्या अंगणाचे चित्र आहे. विटांची फरसबंदी, जुनी भिंत, जमिनीवर टाकलेली केरसुणी आणि बादली. एक बाई लहान मुलीचा हात धरून पायरीवरून उतरते आहे. शेजारच्या बोळातून दुसरी एक पाठमोरी स्त्री रस्त्याकडे पाहत उभी आहे. घडत काहीच नाही. घडीच्या स्टुलावर बसून वहिनी ते अंगण किती वेळ पाहत होत्या, हे आम्ही मोजले नाही. मग म्हणाल्या, "आमच्या मेणवलीच्या घरी अंगण झाडून झालं की आई अशीच दारात उभी राहायची. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नसायचं, तरी." साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डच गृहिणीची आणि मेणवलीच्या एका गृहिणीची अशी गाठ पडली, आणि तिच्या आड समुद्र आला नाही, भाषा आली नाही, तिकीटही आले नाही. त्या चित्रास त्या पुढे तीनदा भेटल्या.

बाहेर पडताना वर्गणीच्या पेटीत त्यांनी एक पौंडाचे नाणे टाकले. पुतण्या म्हणाला, "आई, ते ऐच्छिक आहे." त्या म्हणाल्या, "देवळात तिकीट नसतं म्हणून पेटीत काही टाकू नये असं थोडंच आहे?" फुकटचे न घेण्याची रीत आणि उघडे दार यांची तडजोड त्यांनी आपल्यापुरती अशी केली. तीन आठवडे रोज एक नाणे, आणि रोज एक वस्तू.

येथे वाचकांच्या सोयीसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. इंग्लंडातील राष्ट्रीय संग्रहालयांपैकी काहींनी १९८० नंतरच्या काळात प्रवेशशुल्क घेण्यास आरंभ केला होता. १ डिसेंबर २००१ पासून ते पुन्हा उठले, आणि भार सरकारी तिजोरीने उचलला. कायमचा संग्रह विनामूल्य असला तरी अधूनमधून भरणाऱ्या विशेष प्रदर्शनांस तिकीट पडते. दाराशी विचारून घ्यावे. अकरा वर्षांखालील मुलांस मोठ्या माणसाबरोबर तेथील बसमधून व भुयारी रेल्वेतून फुकट नेता येते. पाण्याची बाटली आणि डबा बरोबर असावा, कारण खरा खर्च पाहण्यात नसून खाण्यात होतो. सेंट पॉलसारख्या मोठ्या चर्चमध्ये दिवसा पाहावयास तिकीट आहे, परंतु सायंप्रार्थनेस बसणाऱ्याकडून काही घेत नाहीत. आम्ही एका संध्याकाळी मागच्या बाकावर बसून ते सामुदायिक गायन ऐकले. शब्द समजले नाहीत. परंतु घुमटाखाली स्वर वर चढतो आणि किंचित उशिराने खाली परत येतो, तो अनुभव भाषेवाचूनही कळतो.

पुतण्यास दिवसभर कचेरी असे, म्हणून व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय आम्ही शुक्रवारी रात्री पाहिले. त्या दिवशी ते उशिरापर्यंत उघडे असते. ही सोयही जुनीच. हे संग्रहालय १८५७ साली साउथ केन्सिंग्टनला आले तेव्हा त्याचे चालक हेन्री कोल यांनी आत गॅसचे दिवे लावले, अशासाठी की दिवसा काम करणाऱ्या लोकांस रात्री येता यावे. टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ, जो १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला, तेथेच आहे. नातू त्याच्यापुढून हलेना.

याच संग्रहालयाच्या मालकीची वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यात गेलेली होती. अफजलखानाच्या प्रसंगी महाराजांच्या हाती असलेली ती हीच, असे संग्रहालय स्वतः निश्चयाने म्हणत नाही. परंतु परंपरा तशी आहे. आमच्या प्रवासाच्या दोनच महिने अगोदर, जुलै २०२४ मध्ये, ती तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम आमच्याच साताऱ्यातील संग्रहालयात मांडली गेली. आमच्या घरापासून ती जागा पायी वीस मिनिटांची. आम्ही काय म्हणालो होतो? "गर्दी ओसरली की पाहू." आणि ती न पाहताच लंडनला निघून आलो! नातवाने विचारले, "आजोबा, ती साताऱ्यात कशी ठेवली आहेत?" आणि आम्हांस उत्तर देता येईना.

परंतु खरा प्रश्न उभा राहिला तो ब्रिटिश म्युझियममध्ये, अमरावतीच्या शिळांपुढे. आंध्रातील या महास्तूपाचे चुनखडीच्या दगडातील कोरीव काम काचेच्या भिंतीआड एका स्वतंत्र दालनात आहे. वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने १८४५ साली तेथे उत्खनन केले. त्या शिळा मद्रासेस गेल्या, १८५९ साली जहाजातून लंडनला आल्या आणि १८८० मध्ये या संग्रहालयात दाखल झाल्या. एका शिळेवर बुद्धाची मूर्ती नाही. वृक्षाखाली रिकामे आसन आहे आणि भोवती हात जोडलेले भक्त आहेत. दुसऱ्या एकीवर नुसती पावले. वहिनींनी पादुकांस करावा तसा नकळत नमस्कार केला. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या घरची भांडी शेजारणीच्या फळीवर पाहायला जावं, आणि तिने दारात पैसे मागितले नाहीत म्हणून तिचेच आभार मानावेत, असं झालं हे."

पुतण्याने दुसरी बाजू मांडली. कर्नल मॅकेंझी १७९८ साली अमरावतीस गेला तेव्हा तेथील जमीनदार बांधकामास दगड मिळावा म्हणून तो स्तूप खणीत होता, आणि पुढेही कित्येक कोरीव शिळा भाजून त्यांचा चुना केला गेला. येथे आल्या म्हणून यांतल्या काही वाचल्या, असे त्याचे म्हणणे. वहिनींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "वाचवल्या हे खरं. नेल्या हेही खरं. एकाने दुसरं खोटं होत नाही." तेथपर्यंत आमच्या घरातला हा वाद आला आणि थांबला. त्याचा निकाल लावण्याचा आव आम्ही आणीत नाही. एवढेच सांगतो की त्या दिवशी बाहेर पडताना त्यांनी नेहमीचे नाणे पेटीत टाकले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टाकले. आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

लंडनच्या कित्येक घरांवर गोल फलक दिसतात. येथे अमुक थोर मनुष्य राहत असे, एवढेच त्यांवर असते. ही प्रथा १८६३ साली सुचली आणि १८६७ साली पहिला फलक लागला. आत जाता येत नाही, कारण बहुतेक घरांत लोक राहतात. रस्त्यावर उभे राहून वाचावे आणि पुढे जावे. बंधूंच्या वहीत असे तीन पत्ते होते. मेडा व्हेल भागातील हाउली प्लेस, घर क्रमांक १०. तेथे १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक राहत. हायगेटमधील क्रॉमवेल ॲव्हेन्यू, क्रमांक ६५. श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली काढलेले इंडिया हाउस ते हेच, आणि सावरकर १९०६ पासून तेथे राहत. तिसरे किंग हेन्रीज रोड, क्रमांक १०. बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ होण्यासाठी आलेले डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर घेतले आणि तेथे स्मारक केले.

हाउली प्लेसच्या पदपथावर नातवाने फलक वाचला आणि इंग्रजीत विचारले की हे गृहस्थ कोण. त्याचे वय नऊ. मराठी त्यास समजते, बोलताना अडखळते. वहिनी तेथेच, कुंपणाच्या कठड्यास टेकून, त्यास सांगू लागल्या. व्हॅलेंटाईन चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने पुस्तकात टिळकांची बदनामी केली; त्याच्यावर खटला भरावयास साठी ओलांडलेला हा मनुष्य बोटीने इतक्या दूर आला; पदरचा पैसा घातला, वर्गणी काढावी लागली, आणि १९१९ साली खटला हरला. मुलाने विचारले, "हरले, तर मग फलक का?" वहिनींनी थोडा विचार केला. "हरायला भ्यायले नाहीत म्हणून," त्या म्हणाल्या. परतीच्या वाटेवर मुलगा मराठीत एकामागून एक प्रश्न विचारीत होता. सूनबाई काही बोलली नाही. पण पुढले दोन पत्ते कोणत्या दिवशी घ्यावयाचे हे तिनेच ठरविले.

अखेरच्या रविवारी ग्रीनिचला गेलो. टेम्सच्या तळाखालून पायी जाण्याचे एक भुयार आहे. गोदीतील कामकऱ्यांस कामावर जाता यावे म्हणून ते १९०२ साली बांधले, आणि आजही कोणी त्यातून विनामूल्य जाऊ शकतो. डोक्यावरून नदी वाहते आहे हे कळल्यावर नातवाने ते अंतर पळतच काटले. टेकडीवरील वेधशाळेत जावयास तिकीट आहे. पण तिच्या फाटकावर १८५२ साली बसविलेले घड्याळ बाहेरूनच दिसते. त्याच्या तबकडीवर चोवीस तास असून बारा तळाशी आहेत. नातू म्हणाला, घड्याळ चुकले आहे, एक तास मागे आहे. चुकले नव्हते. उन्हाळ्यात सारा देश आपली घड्याळे एक तास पुढे करतो. हे एक घड्याळ मात्र बाराही महिने ग्रीनिचचीच वेळ दाखविते. दुपारी एक वाजता वेधशाळेच्या मनोऱ्यावरील तांबडा गोळा वर चढून खाली पडला. १८३३ पासून नदीतील जहाजे या गोळ्यावर आपली घड्याळे जुळवीत आली. वहिनींनी बोटे मोजली आणि म्हणाल्या, "घरी आता साडेपाच. धारेची वेळ झाली." टेकडीच्या कडेवरून पहिल्या दिवसाइतकेच शहर दिसत होते. पुतण्या हसून म्हणाला, "आई, अजिंक्यतारा!" त्याही हसल्या.

साताऱ्यास परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आम्ही सर्वजण वाघनखे पाहून आलो. वीस मिनिटांचा तो रस्ता आम्हांस लंडनवरून सापडला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. आमच्या माळ्यावर एका पेटाऱ्यात मोडी कागदांचे दोन रुमाल पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलेले होते. बंधू नेहमी म्हणत, सवडीने वाचू. कसर लागू नये म्हणून त्यात डांबराच्या गोळ्या घालण्यापलीकडे त्यांचे कोणी काही केले नव्हते. वहिनींनी ते खाली काढविले आणि सांगितले, हे एखाद्या संशोधनसंस्थेस द्यावयाचे.

घरात थोडे वादळ झाले. चुलत घराण्याचे म्हणणे, कागदांत वतनाचे, जमिनींचे, कदाचित कर्जाचेही उल्लेख असतील. घरचे लोकांच्या हाती का द्यावे? शिवाय त्यांत सर्वांचा हिस्सा. वहिनींनी सर्वांस बोलाविले आणि लंडनच्या त्या वैद्याची गोष्ट सांगितली. "त्यानेही कुलूप लावून ठेवलं असतं तर वारसांनी वाटून घेतलं असतं, आणि आज कोणाला काही दिसलं नसतं. आपण तिकडच्या शिळा पाहून हळहळतो. आपल्या माळ्यावरचं आपण कोणाला दाखवलं? चुना भाजणारा जमीनदार आणि कसरीला खाऊ घालणारे आपण, फरक काय?" यावर कोणास उत्तर सुचले नाही. एकच अट पडली, की छायाचित्रे काढून प्रत घरी ठेवावी. ती योग्यच होती.

इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी पुण्यास १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, ते अशाच घरोघरच्या पेटाऱ्यांच्या आशेवर. आम्हीही एका संस्थेकडे रुमाल घेऊन गेलो. तेथील गृहस्थांनी गाठी सोडल्या, वरचे दोन कागद उजेडाकडे धरून पाहिले आणि व्यवस्थित पोच दिली. वहिनींनी ती बंधूंच्या वहीत ठेविली आणि विचारले, "आम्हांला कधी पाहावंसं वाटलं, तर काही पैसे पडतील?"

"छे हो, वहिनी. केव्हाही या."

"मग तुमची पेटी कुठे आहे?" त्यांनी विचारले, आणि पिशवीत हात घातला.